नारळाआधीचा आकडा

चेअरमनसाहेब, टाकी खरकटी करता तुम्ही आणि घरी बसवता बायकांना. ही गोष्ट डेअरीतल्या मांजरालाही ठाऊक होती. पण बोलणार कोण? मांजरसुद्धा तुमच्याच दुधावर पोसलेलं.

आष्ट्याजवळच्या त्या डेअरीत दर महिन्याला दुधाची मोठी टाकी धुवायला काढायचे. धुणाऱ्या बायकांची टोळी सुलाबाईची. कढत पाणी, कॉस्टिक सोडा, परत पाणी. टाकीच्या तोंडाची स्टीलची कड तर अशी घासायच्या, की कुंकू लावायला वेगळा आरसा नको. मग चेअरमन यायचे. धुतलेली टाकी पूजेशिवाय भरायची नाही, हा त्यांच्या वडिलांपासूनचा रिवाज. कडेवर हळद-कुंकवाची बोटं ओढायची, फूल ठेवायचं आणि तिथंच नारळ फोडायचा. पाणी ओघळलं की टाळ्या.

हे सगळं उरकल्यावर लॅबमधला पुष्कर कापसाची काडी त्याच कडेवरून फिरवायचा. काडी नळीत घालून दोन महिन्यांपूर्वीच आलेल्या हातातल्या यंत्रात सरकवली की आकडा येतो. घाण जास्त, तर आकडा मोठा. तिसाच्या आत पास. मागले दोन महिने आकडा हजाराच्या वर गेला, तसं चेअरमननी बजावलं, "आता नापास झाला तर टोळी बदलणार."

"आरं पुष्कर, तू शिकल्याला माणूस," सुलाबाई म्हणाली. "सांग की त्यास्नी, नारळाचं पाणी बी आकड्यात येतंय म्हणून. न्हाईतर आधी काडी फिरीव."

"पूजेआधी काडी लावली तर अपशकुन होतो म्हणतात, मावशी. आणि मी अजून कायम झालेलो नाही. तुम्हीच सांगा ना."

"म्या सांगितलं तर म्हंतील, बाई देवाला नावं ठेवती."

"मग काय, गप घरी बसायचं?" टोळीतली क्रांती फणकारली.

सुलाबाई नुसती हसली. ते हसू बघून क्रांतीनं हातातली बादली खाली ठेवली. "बया! आता कुणाचं तरी काय खरं न्हाई."

पूजेच्या दिवशी चेअरमन नारळ घेऊन आले. संचालक, ड्रायव्हर, कॅन घेऊन आलेले गवळी, सगळे जमले. सुलाबाई हात जोडून पुढं झाली.

"सायेब, आमच्या घासण्यात राम न्हाई. पर तुमच्या हाताला लय गुण हाय, समदा तालुका म्हंतो. आज पूजेआधी बी मोजू आन् पूजेनंतर बी मोजू. तुमचा हात लागल्यावर आकडा किती खाली येतोय, ते कळू द्या की लोकास्नी!"

चेअरमनची छाती सदऱ्याची बटणं तोडायला निघाली. "मोज रं पुष्कर! अपशकुन-बिपशकुन काय न्हाई."

पुष्करनं काडी फिरवली. आकडा आला सहा.

"आता सायबांच्या हातानं सरळ शून्यच की," क्रांती म्हणाली. चेहरा असा, जणू कीर्तनाला बसलीय.

हळद लागली, कुंकू लागलं, नारळ फुटला, पाणी ओघळलं. सगळ्यांत मोठ्या टाळ्या टोळीच्या. पुष्करनं दुसरी काडी फिरवली आणि यंत्र उलटं करून छातीशी धरलं. तो वाचेना, तेव्हा चेअरमननीच यंत्र ओढून घेतलं, डोळ्यांपासून लांब धरलं आणि मोठ्यानं वाचलं, "चौदाशे बारा."

वाचून झाल्यावर त्यांना उमगलं, आपण काय वाचलं ते. मागं एक गवळी खोकला. तो खोकला नव्हता, दाबलेलं हसू होतं.

"यंत्र बिघडलंय," चेअरमन म्हणाले.

"आसंल की," सुलाबाई म्हणाली. "मग मागले दोन नापास बी यंत्राच्याच नावावर टाकायचे नव्हं?"

चेअरमननी पुष्करकडं बघितलं. पुष्करनं छपराच्या पत्र्याकडं.

"जास्त बोलू नका. परत धुवा टाकी!"

सुलाबाईनं बादली पालथी घातली आणि ऐसपैस तिच्यावर बसली.

"धुतो की. धुवायला आमी कवा न्हाई म्हटलं? पर आधी सांगा सायेब, हितं, समद्यांम्होरं. सहाचे चौदाशे कुणी केले?"