हत्तीची वाट अडवणारा

शाजीनं तीन वेळा 'कट' म्हटलं, कारण तिन्ही वेळा लक्ष्मीकांत वाटेतून बाजूला सरला होता.

शुक्रवारची दुपार कलली होती. कुवेतमधल्या वफ्र्याच्या शेतमळ्यातली, खजुरांच्या दोन रांगांमधली पायवाट आज केरळातल्या रानाकडेची वाट झाली होती. हत्ती म्हणजे गाडीचे दोन दिवे, झावळ्या गदागदा हलवणारी दोन माणसं आणि स्पीकरवरून निघणारा चीत्कार. लक्ष्मीकांतनं पेटता चूड धरून, छाती काढून वाटेच्या मधोमध उभं राहायचं आणि मल्याळममध्ये एकच वाक्य बोलायचं होतं : ही माती माझी आहे, मागे फिर. वाक्य त्यानं देवनागरीत लिहून घेऊन आठवडाभर घोकलं होतं. ते ऐकून हत्ती मागे फिरणार आणि सिनेमा संपणार.

फहाहीलच्या एका दवाखान्यात लक्ष्मीकांत रक्त तपासायचा, तर शाजी तिथंच लोकांचे गुडघे-खांदे मोकळे करून द्यायचा. शाजीला सिनेमाचं वेड. दर गुरुवारी संध्याकाळी अबू हलीफाच्या त्याच्या फ्लॅटवर मल्याळम सिनेमा लागायचा. त्यात लक्ष्मीकांत रमला होता. दोडामार्गाकडचा माणूस तो; पडद्यावरचे डोंगर, पाऊस, नारळी त्याला आपल्याच वाटायच्या. शाजी बाजूला बसून समजावत राही, की आमच्या सिनेमात रान हे नुसतं मागचं चित्र नसतं, भांडणातला दुसरा पक्ष असतं. पुरुष मिशीला पीळ देत, लुंगी वर खोचून आत शिरतो आणि रान त्याचा सगळा रुबाब उतरवून त्याला बाहेर धाडतं. दुसऱ्यांच्या सिनेमात शाजीला असे हरणारे पुरुष फार आवडत. स्वतः सिनेमा करायची वेळ आली तेव्हा मात्र त्याला जिंकणारा हवा होता. मल्याळी मंडळाच्या स्पर्धेत शिट्ट्या पडायला हव्या होत्या, आणि सिनेमा रविवारपर्यंत पाठवायचा होता.

चौथ्यांदा दिवे लागले, झावळ्या हलल्या, चीत्कार झाला. लक्ष्मीकांत वाक्याच्या पहिल्या शब्दापर्यंत पोचला आणि त्याचे पाय आपोआप कडेला गेले.

शाजीनं टोपी काढून मांडीवर आपटली. एरवी तो त्याच्याशी आदरानं बोलायचा, आज त्याचा तोल गेला. हिंदीतच तो म्हणाला, "लक्ष्मीभाई, मर्द का रोल है. हत्ती तर खोटा आहे. त्यालाही घाबरता?"

झावळ्यांमागची दोघं हसली. कॅमेरा धरलेली फातिमा, दवाखान्यातली नर्स, तेवढी हसली नाही.

लक्ष्मीकांतनं चूड वाळूत खुपसून विझवला. हे असलंच बोलणं त्यानं एकदा स्वतः केलं होतं. एकवीस वर्षं त्यानं ते कुणाला सांगितलं नव्हतं, बायको नीलालाही नाही.

त्यांच्या गावात हत्ती आले की हाकारा घालायची एक रीत होती. ढोल, डबे, फटाके, चूड घेऊन तिन्ही बाजूंनी जायचं, पण चौथी बाजू मोकळी सोडायची. ज्या वाटेनं तो आला ती त्याची. तिथं कुणी उभं राहायचं नाही. त्या साली मात्र केळीची बाग दोनदा उद्ध्वस्त झालेली, पोरं पेटलेली. मागे राहणं कुणालाच नको होतं. लक्ष्मीकांतचा धाकटा भाऊ देवदत्त वरच्या बांधावर थांबला होता. ठरल्याप्रमाणेच थांबला होता तो. लग्नाला वर्ष झालेलं. लक्ष्मीकांत सगळ्यांसमोर ओरडला होता, भितोस तर घरी जा, बायकोचा पदर धरून बस. लोक हसले. चूड घेऊन देवदत्त खाली उतरला आणि थेट ओहोळाच्या उतारावर जाऊन उभा राहिला. तीच हत्तीची वाट होती.

हत्ती त्याच्या अंगावरून गेला. तो पिसाळला नव्हता. आपल्या वाटेनं परत निघाला होता.

देवदत्त जागीच गेला. पुढं गावानं त्याला शूर ठरवलं, हत्तीला पिसाळलेला. लक्ष्मीकांतनंही मान डोलावली. राजश्रीला, देवदत्तच्या बायकोला, त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, की तुझा नवरा आमच्यासाठी पुढं झाला. वर्षभरात तो कुवेतला आला. दर महिन्याला तिला फोन करायचा, खुशाली विचारायचा.

हे सगळं त्यानं तिथं खजुराखाली बसून, मोडक्या हिंदीत, न थांबता सांगितलं. झावळ्या खाली ठेवून ती दोघंही जवळ येऊन बसली. शाजी टोपीची कड चोळत राहिला. मग म्हणाला, "पण माझा शेवट?"

"शेवट तुझा आहे," लक्ष्मीकांत म्हणाला. "उभं राहणारा हवा असेल तर दुसरा माणूस बघ. मलाच ठेवलंस तर मी बाजूला होणार. पुन्हा एक शूर माणूस मी तयार करणार नाही."

शाजी म्हणाला, अशानं बक्षीस मिळणार नाही, शिट्टी तर सोडाच. ते खरंच होतं. फातिमानं आकाशाकडं पाहिलं आणि उजेड दहा मिनिटांचा उरलाय एवढंच सांगितलं. शाजी उठला आणि गाडीचे दिवे लावायला गेला.

पाचव्यांदा लक्ष्मीकांत वाटेच्या मधोमध उभा राहिला. चीत्कार झाला. त्यानं घोकलेलं वाक्य सोडून दिलं. दोन पावलं कडेला झाला, चूड खाली धरला आणि आपल्याच बोलीत म्हणाला, "जा रे बाबा. वाट तुझीच आसा." दिवे त्याच्या अंगावरून सरकत पुढं गेले. 'कट' म्हणायचं शाजीला सुचलं नाही. फातिमानंच कॅमेरा बंद केला. सामान आवरताना शाजी तिला म्हणाला, की रविवारी हेच पाठवू.

लक्ष्मीकांत मळ्याच्या फाटकाशी गेला आणि त्यानं राजश्रीला फोन लावला. गावाकडं दिवेलागण होऊन गेली होती. तिनं जेवणाचं विचारलं, नीलाचं विचारलं. त्यानं तिला पुरतं बोलू दिलं.

"राजश्री, देवदत्ताक थंय मीच धाडलंय. सगळ्यांसमोर भित्रो म्हटलंय. म्हणान तो उतारार उभो रवलो."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"भावजी," ती म्हणाली, "ह्यां आज कित्याक सांगतास?"

"आधी सांगूची छाती नाय झाली."

तिनं फोन ठेवला. त्यानं पुन्हा लावला, तिनं उचलला नाही. आणखी एकदा लावला. मग त्याच्या लक्षात आलं, की फोनवर सांगून टाकणं हेही कडेनं निसटणंच आहे. तिच्यासमोर बसून, ती जे बोलेल ते ऐकून घ्यायला हवं. ती दाराबाहेर उभं करेल, तर दाराबाहेर उभं राहून.

परतीच्या रस्त्यावर त्यानं शाजीला विचारलं, रजेचा अर्ज रविवारी सकाळी दिला तर किती दिवसांत मंजूर होईल. शाजी म्हणाला, आठवडा तरी लागेल, आणि कारण लिहावं लागेल.

"लिहीन," लक्ष्मीकांत म्हणाला.