माफीचं कलम

ईदच्या आदल्या दिवशी विमा कंपनीच्या वकीलबाईंचा, मिस लिमचा, पुन्हा फोन आला. मी शिजवलेले केतुपात, झावळीत विणलेल्या भाताच्या पुड्या, टांगून ठेवत होते, हात ओले होते, म्हणून फोन स्पीकरवर टाकला. नवरा दारात उभा राहून ऐकत होता.

"चूक कबूल करायची नाही. तोंडी नाही, लेखी नाही, मेसेजवरही नाही. पॉलिसीत तसं कलमच आहे. तुमच्या मिस्टरांनी माफी मागितली, की कंपनी हात वर करायला मोकळी."

"आणि मग?" मी विचारलं.

"मग भरपाई तुम्ही भरायची."

आम्ही भरायची म्हणजे घर विकायचं. दुसरं आहे काय आमच्याकडे?

जुनैदी, माझा नवरा, इंजिनियर आहे. पूर्वी एका कंपनीत होता, तेव्हा त्याच्या चुका साहेबाच्या सहीखाली झाकल्या जायच्या. मग स्वतंत्र काम करायची हौस आली. आता सही त्याची, शिक्का त्याचा आणि चूकही त्याचीच. विम्याचा हप्ता भरताना मी दर वेळी कुरकुरायचे, की कागदावर रेघा मारणाऱ्या माणसाला कसला आलाय धोका!

धोका कुंपणापलीकडेच होता. शेजारच्या पाक चिक सिदेकनी, म्हणजे सिदेककाकांनी, घराला नवा ओटा बांधायला काढला, खांबांवरचा, लाकडी. नकाशा अर्थात जुनैदीने केला. आमच्याकडे ओट्यावर लोक चटया टाकून ऐसपैस बसतात, तेवढंच वजन त्याने धरलं. पण पाक चिकच्या नातीच्या साखरपुड्याला सगळे पाहुणे फोटोसाठी एकदम उठले आणि एका कडेला दाटीवाटीने उभे राहिले. तुळई मोडली. बाकीच्यांना खरचटण्यावर भागलं, पाक चिकचा खुबा मोडला. ऐंशीच्या घरातला माणूस. या वयात माणूस अंथरुणाला खिळला की छातीत कफ भरतो, लक्ष ठेवा, असं नर्सने माझ्यासमोरच सांगितलं होतं.

त्यांच्या मुलाने, फाइझुलने, वकील केला. तेव्हापासून आम्ही त्या घराची पायरी चढलो नव्हतो. चोरासारखे मागच्या दाराने ये-जा करत होतो.

आणि आता ईद. ईदला अख्खं गाव पाक चिकना सलाम करायला जातं. गुडघ्यावर बसायचं, त्यांचा हात कपाळाला लावायचा आणि म्हणायचं, "उघड केलेलं, मनात केलेलं, सगळं माफ करा." पोरंटोरंही म्हणतात. न म्हणणं म्हणजे म्हाताऱ्याच्या थोबाडीत मारण्यासारखंच.

"ती नुसती रीत आहे गं," जुनैदी म्हणाला. "सगळेच म्हणतात."

"सगळ्यांनी त्यांची तुळई नाही काढली कागदावर."

"मग आजारी पडतो मी."

"ईदच्या दिवशी? सगळं गाव सूप घेऊन येईल. अहो, हवं तर जा, पण तोंड उघडू नका. नुसता हात कपाळाला लावा आणि उठा."

त्याने ईदच्या शर्टाला इस्त्री करायला घेतली.

सकाळी नमाज झाल्यावर गेलो. रेंडांगचं, नारळाच्या दुधात आटवलेल्या मांसाचं, भांडं माझ्या हातात होतं. पाक चिक खुर्चीत बसले होते, पाय उशीवर. केवढेसे झाले होते! शर्ट नुसता लोंबत होता. खोली माणसांनी भरलेली. आणि त्यांच्या खांद्यामागे फाइझुल, फोन समोर धरून. आमच्या आधी आलेल्यांच्या वेळी तो फोन खिशात होता. मी पाहिलं होतं.

जुनैदी गुडघ्यावर बसला. हात कपाळाला लावला. आता ऊठ, मी मनात ओरडले, ऊठ, ऊठ! तो उठला नाही. त्याचे खांदे हलायला लागले.

"पाक चिक," तो म्हणाला, "ती तुळई मी..."

गेलं. घर गेलं. मला एवढंच सुचलं.

पाक चिकनी शेजारच्या ताटलीतला लेमांगचा, बांबूत भाजलेल्या चिकट भाताचा, तुकडा उचलला आणि त्याच्या तोंडात कोंबला. "खा. आमच्या हिने केलाय, मला चाववत नाही."

जुनैदीचे दोन्ही गाल फुगले. कोणीतरी हसलं.

"आणि तू रे," पाक चिक मागे न बघताच मुलाला म्हणाले, "ते डबडं बंद कर."

"बाबा, तो कबूल करतोय!"

"म्हणूनच बंद कर. तुझाच वकील काल सांगत होता ना, विमावाले पळायला निमित्तच शोधत असतात म्हणून? हा बोलला की ते पळणार. मग काय, याचं घर विकायला काढणार? आणि शेजारी कोण येणार राहायला, तुझा वकील?"

फाइझुलने फोन खिशात घातला. त्याचे कान लाल झाले होते. जुनैदीने घास गिळला आणि पुन्हा तोंड उघडलं.

"गप रे!" पाक चिक म्हणाले. "फोन बंद झाला, एवढे कान उघडेच आहेत. माफी पुढच्या ईदला माग. केस संपली असेल तोवर. मी देणार, आत्ताच सांगून ठेवतो. पण आज मागायची नाही." मग त्यांना खोकल्याची उबळ आली. बराच वेळ ती थांबेना. नात पाणी घेऊन धावली.

आम्ही निघालो, या वेळी पुढच्या दाराने. घर वाचलं होतं, मला हसू यायला हवं होतं. कुंपणापाशी जुनैदीने माझा दंड धरला.

"वर्षभर राहतील ना गं ते?"

पलीकडून पुन्हा खोकला ऐकू आला, आणि मग एकदम थांबला. आम्ही दोघं जागच्या जागी उभे राहिलो, आणि पुढचा खोकला कानावर येईपर्यंत हललो नाही.