उलट्या गियरचे दोन दात

"गाडी पुढं जातेय ना? मग मागं जायचं काम काय?" हैबतीने विचारले आणि तेलकट हात मांडीला पुसत तो गाडीपाशी उकिडवा बसला.

पोलादपूरच्या भातगिरणीच्या अंगणात उभी असलेली ती गाडी म्हणजे एक अचंबाच होता. तिला छप्पर नव्हते, दारे नव्हती, बसायला जागा एकाचीच, आणि पाठीमागे चक्क मोटारसायकलचे इंजिन. महाडच्या मोऱ्यांच्या सयाजीने मुंबईत शिकता शिकता दोन वर्षे खपून ती स्वतः बांधली होती. रविवारी महाबळेश्वरच्या बाजूला मोटारींची घाटशर्यत होती आणि स्वारी तिकडेच निघाली होती. आंबेनळी घाटाच्या वळणावर समोरून एस.टी. आली. गाडी पुरती थांबायच्या आतच या शहाण्याने उलटा गियर टाकला आणि आतून कडाड असा आवाज झाला.

"नियम आहे, मिस्त्री," सयाजी म्हणाला. "मोटारसायकलला मागे जाता येत नाही, मोटारीला आलं पाहिजे. शर्यतीआधी प्रत्येक गाडी दहा पावलं मागे घ्यायला लावतात. नाही गेली तर बाद."

"आनि शर्यतीत?"

"शर्यतीत कोण मागे जातंय!"

हैबती खो खो हसला. दहा पावलांसाठी एवढा खटाटोप! पण गियरची पेटी उघडून लिंबाएवढे ते दात्यांचे चाक तळहातावर घेतले तेव्हा त्याचे हसू थांबले. त्याने अंगठ्याने एकेक दात चाचपला. लागोपाठचे दोन उडाले होते.

"व्हईल," तो म्हणाला. आजवर कुठल्याही कामाला त्याने दुसरे उत्तर दिले नव्हते.

"व्हईल म्हंजे झालंच समजा!" गिरणीचे मालक कोंडाजीशेठ मध्येच म्हणाले. "आमच्या हैबतीची नजर लय बारीक हाय, सयाजीराव. अंधारात सुई ओवील."

हैबतीने मान खाली घातली. दोन वर्षांपासून त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, आणि ही गोष्ट त्याची बायको रखमा सोडून कोणालाही ठाऊक नव्हती. मुंबईला जाऊन डोळे कापून घ्यायचे तर महिना-दीड महिना खाडा, आणि तेवढ्यात बदली आलेला माणूस कशाला जागा सोडतो? बावीस वर्षे सांभाळलेले गिरणीचे इंजिन हातचे गेले असते. म्हणून तो निभावून नेत होता. इंजिन कानाने कळायचे, कानस नखाने कळायची. अडायचे ते एकाच ठिकाणी. पोलाद तापवून पाणी पाजताना त्याच्यावर जे रंग चढतात, ते पाहायला डोळेच लागतात; रंग पुरता चढण्याआधी उचलले तर पोलाद ठिसूळ राहते.

तिथे रखमा होती. भाकरी घेऊन ती गिरणीत यायची, भट्टीच्या भात्याशी बसायची आणि हळूच त्याला रंग सांगायची. भात भरडायला आलेल्या माणसांना वाटे, या वयातही नवराबायकोचे गुलूगुलू संपत नाही. दोघांची भरपूर थट्टा व्हायची, आणि दोघेही ती सुखाने करून घ्यायची.

बुधवारी संध्याकाळी हैबतीने ते चाक लालबुंद तापवून तुसाच्या राखेत पुरले. भाताच्या तुसाची राख ऊब धरून ठेवते. रात्रभर सावकाश निवले की कडक पोलादही मऊ होते. गुरुवारी उडालेल्या दातांच्या जागी त्याने भोके पाडून सयाजीच्याच सामानातल्या मुंबईच्या पोलादाचे खिळे आट्यांनी बसवले आणि त्यांना दाताचा आकार दिला. शेजारच्या चांगल्या दातावर मेण दाबायचे, तो ठसा नव्या दाताशी लावून नखाने चाचपायचा, पुन्हा कानस चालवायची. सयाजी दिवसभर बघत बसला होता. असे काम त्याने मुंबईत पाहिले नव्हते, आणि तसे त्याने दहादा बोलूनही दाखवले.

शुक्रवारी पाणी पाजायची वेळ आली आणि रखमा नव्हती. कापडे गावी तिची बहीण आजारी होती, ती दुसऱ्या दिवशी सकाळी परतणार होती. हैबतीने थांबायला हवे होते. पण सयाजी उतावीळ झालेला, शेठ चार पाहुणे घेऊन कौतुकाने उभे राहिलेले. बायको आल्याशिवाय मला पाणी पाजता येत नाही, हे कुठल्या तोंडाने सांगायचे?

त्याने चाक तापवले, तेलात विझवले, घासून लख्ख केले आणि पुन्हा मंद आचेवर धरले. थोड्याच वेळात ते त्याला कांद्याच्या सालीसारखे पिवळट-तांबूस दिसले. मोतीबिंदूतून त्याला जगच तसे दिसत होते, हे त्या घाईत तो विसरला. त्याने चाक झटकन उचलले.

पेटी जोडून सयाजीने गियर टाकला. टिक्, टिक्. दोन्ही दात काचेसारखे तुटले.

कोंडाजीशेठच आधी म्हणाले, "मुंबईचं पोलादच हलकं असंल."

"तसंच असणार," सयाजी म्हणाला. त्याचा चेहरा पार उतरला होता. "मी भंगारातलं पोलाद घेतलं होतं. चूक माझीच. राहू द्या, मिस्त्री. तुम्ही फार केलंत."

सुटका आपल्या पायांनी चालत आली होती. नुसती मान हलवली असती तरी निभावले असते. पण दोन वर्षांची मेहनत वाया गेलेला हा पोरगा, आणि वर तोच दोष स्वतःकडे घेऊन आपले आभार मानतोय, हे हैबतीला सोसवेना.

"पोलाद सोन्यावानी हाय," तो म्हणाला. "चूक माजी हाय. मला रंग दिसत नाय, शेठ. दोन वरसं झाली. रखमा सांगते आनि मी करतो."

शेठांनी वाकून त्याच्या डोळ्यांत पाहिले.

"उद्या ती येल. चाक मी आज राखंत ठेवतो. दुपारपातूर तुमची गाडी मागं नाय गेली, सयाजीराव, तर मी नावाचा हैबती नाय."

शनिवारी दुपारी नवे दात तयार झाले. रखमा नेहमीसारखी पदर सावरून भात्याशी बसली आणि कुजबुजू लागली.

"मोठ्यानं सांग," हैबती म्हणाला. "समद्यांस्नी ठावं हाय."

ती लाजली. मग खणखणीत बोलू लागली.

"अजून पांढरंच हाय… थांबा… आता पेंढ्यावानी झालं… नको, इतक्यात नको… कांद्याच्या सालीवानी… कडंला जांभूळ धराय लागलं… घ्या!"

चर्र करून चाक तेलात गेले.

गाडी मागे गेली. दहा पावले गेली, वीस गेली. सयाजीला थांबायचे भानच राहिले नाही. तो थेट भाताच्या पोत्यांपर्यंत मागे गेला आणि माणसे हसत बाजूला पळाली. मग खाली उतरून तो हैबतीच्या पाया पडला, आणि रखमा "अवो, अवो" म्हणत मागे सरकत असताना तिच्याही पाया पडला.

धुरळा खाली बसल्यावर शेठ हैबतीजवळ आले.

"इंजिनाच्या पट्ट्याजवळ न दिसनारा मानूस कसा उभा करू रं? उद्या तुजा हात गेला तर या रखमेला काय तोंड दावू?"

"बराबर हाय, शेठ."

"सोमवारी तुज्या जागी वीर गावचा मानूस येल. तू मुंबईला जा, डोळं कापून घे. पैशाचं मी बगतो. पन इंजिन…" हैबतीच्या बरोबरीनेच शेठही या गिरणीत म्हातारे झाले होते.

"इंजिन सकाळी गार असताना जरा खोकतं," हैबती म्हणाला. "त्याला सांगा, घाबरू नको म्हनावं."

घरी निघताना त्याने पहिल्यांदाच भररस्त्यात रखमाचा हात धरला. तिने सोडवून घेतला नाही. ओढ्यापर्यंत दोघे तशीच चालत गेली. गिरणी मागे पडली तसा इंजिनाचा ठोका बारीक होत गेला.

"गाडीचा रंग कंचा व्हता गो?"

"लाल. पिकल्या मिरचीवानी."

"अस्सं." थोडे चालून तो थांबला. "आनि तुजं ह्ये लुगडं? हिरवं ना?"

रखमाने त्याच्याकडे पाहिले. गेल्या दिवाळीला महाडच्या बाजारातून ते त्यानेच हौसेने निवडून आणले होते.

"निळं हाय वो," ती हळूच म्हणाली.

"निळं," हैबती म्हणाला. त्याने पदराचे टोक दोन बोटांत धरले आणि नव्या दातावरून फिरवावे तसे त्यावरून नख फिरवले.