चंदाची नस

कामरगावात मनकर्णाबाईच्या वावरात निंदायला जायचं, तर उजव्या हातात खुरपं लागे आणि यंदापासून डावा हात मोकळा लागे. डावा हात बाईच्या नातीसाठी, साधनासाठी.

साधना कारंज्याच्या कॉलेजात बी.एस्सी. करत होती. डॉक्टरकीच्या परीक्षेत तिला मार्क पडले ते बाईनं शेजारणीलासुद्धा सांगितले नाहीत. मग कॉलेजात कुणी साहेब येऊन पोरांना सांगून गेले, की दवाखान्यात डॉक्टर एकटा नसतो. लॅब असते, एक्स-रे असतो, डायलिसिस असतं, नर्सिंग असतं, या सगळ्यांना शिकलेली माणसं लागतात आणि मिळत नाहीत. साधनानं हे घरी सांगितलं तेव्हा बाई तांदूळ निवडत होती.

"नर्स नको," बाई म्हणाली. "लोकाचं गू-मूत कायले काढा? एक्स-रे त अंधारात कोंडून घेनं. लॅब बरी. गावात आपल्या नावाचा बोर्ड लागन, सरपंच असो का कोनी असो, बाही वर करून तुह्याच दारी बसन."

अडचण एकच होती. सुई हातात घेतली की साधनाचा हात थरथरायचा. कॉलेजातल्या मैत्रिणी तिला हात देईनात. म्हणून बाईनं वावराच्या कडेच्या धुऱ्यावरच्या बाभळीखाली खाट टाकली, मेडिकलमधून सुया मागवल्या आणि जेवणाच्या सुट्टीत निंदणाऱ्या बायांना एकेक करून बोलावलं.

"आजी, असं कोनालेबी टोचत नसतेत," साधना म्हणाली.

"टोचल्याबिगर हात बसन का? भाकर शिकली तवा जाळल्याच ना?"

"भाकरीले दुखत नाही."

"याईले दुखते? दिवसभर काटे टोचतेत त एकीनं कधी हूं केलं का?"

बाया हसल्या. हसण्यावारी नेल्याशिवाय त्यांना काही करताही येत नव्हतं. हेमला तोंडाळ होती, ती म्हणाली, "बाई, मजुरी देता का रक्त घेता, एकदा ठरवा." तिच्या हातावर मग चार दिवस जांभळाएवढा डाग राहिला. दुसऱ्या एकीला चक्कर आली, तिला गूळ देऊन पुन्हा ओळीला लावलं.

फक्त चंदाच्या हाताला साधनाची सुई बरोबर जाई. चंदाची नस कोपराच्या वळणावर दोरीसारखी वर आलेली होती, आंधळ्यालाही सापडावी अशी. पंधरवडाभर साधना तीच नस टोचत राहिली. चंदा मान वळवून तुरीच्या ओळीकडे बघत बसे. चंदाची पोरगी सपना साधनाच्याच वर्गात होती, हे दोघींनाही ठाऊक होतं आणि त्या खाटेवर ते कुणी काढत नव्हतं.

मग वाशीमच्या एका लॅबनं कॉलेजात कळवलं, की शिकता शिकता काम करायला एक मुलगी घेतो, पुढचा कोर्सही आम्हीच करून देऊ. जागा एक. ज्यांना यायचं त्यांनी ओळखीचं एक माणूस सोबत आणावं, त्याचं रक्त सगळ्यांसमोर काढून दाखवावं.

त्याच संध्याकाळी चंदा बाईच्या अंगणात येऊन उभी राहिली.

"बाई, त्या दिवशी मले सुट्टी पाह्यजे. सपनासंगं जा लागते."

"सपनालेबी पाह्यजे का ते जागा?"

"हो ना."

बाई सुपारी कातरत होती. तिनं अडकित्ता खाली ठेवला. "चंदा, तुहा मालक पुन्याले गेला तवापासून तू कोनाच्या वावरात हायेस?"

"तुमच्या."

"मंग तुहा हात कोनासंगं जाईन?"

चंदा पदर सावरून निघून गेली. तिच्या वस्तीतली माणसं आता नोकऱ्या करत होती, मोटारसायकली घेत होती, जयंतीला बाईच्या दारावरून डीजे नेत होती. बाईला ते दिसत नव्हतं असं नाही. म्हणूनच हे असं चुपचाप जाणं तिला फार गोड लागलं.

सपनानं आईला एक शब्द विचारला नाही. तिनं हेमलामावशीला तयार केलं.

ठरल्या दिवशी सकाळी बाईनं भाड्याची जीप सांगितली होती. रक्त भरावं म्हणून चंदाला घरी बोलावून शिरा खाऊ घातला, ताटली मात्र अंगणात दिली. जीप स्टँडवर आली तर हेमला ठेवणीतलं लुगडं नेसून सपनाजवळ उभी. बाईनं काच खाली केली.

"हेमला, हे नेसून निंदाले चालली का?"

"वाशीमले चालली, बाई. सपनासंगं."

"जा, जा. पन मंग उद्या येऊ नको. परवाबी येऊ नको. तुह्या सुनेलेबी सांग."

हेमलानं सपनाकडे पाहिलं, जीपकडे पाहिलं. तिचं तोंड पहिल्यांदाच बंद झालं. ती लुगड्याच्या निऱ्या हातात धरून वस्तीकडे परत निघाली.

सपना जीपच्या मागच्या खिडकीशी आली. "माय, उतर."

चंदा मांडीवरच्या हातांकडे बघत राहिली.

"उतरते का नाही?"

"बस सुटन तुही," बाई समोरून म्हणाली. सपना एकटीच बसमध्ये चढली.

लॅबचे मालक मदनसिंग सर सरळ माणूस होते, घाईतले. बाकड्यावर पोरी आणि त्यांची माणसं. साधनाचा नंबर लवकर आला. हात थरथरलाच, पण चंदाची नस रोजच्या वाटेसारखी होती. सुई गेली, नळी भरली. सरांनी मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहिलं. चंदा कोपरात कापूस दाबून भिंतीशी जाऊन बसली.

सपनाला बोलावलं तेव्हा सरांनी विचारलं, "तुझं माणूस?"

"येनार होतं. अडवलं."

"मग मी तरी काय करू? एकदा ज्याचं रक्त काढलं त्याचं पुन्हा नको. दुसरं कोणी आहे का?"

जो तो आपली चप्पल बघू लागला. सपना वळली आणि थेट बाईसमोर येऊन उभी राहिली. "आजी, तुमी मोकळ्याच बसल्या. द्या हात."

कुणीतरी हसलं. एका पोरीचा बाप म्हणाला, "राहू दे वं, म्हाताऱ्या मानसाले सुईचं भेव वाटते."

"भेव?" बाईनं जागेवरच बाही वर सरकवली. "माह्या आंगावर नांगराचा फाळ पडला होता, मी उं केलं नाही. टोच."

इतका वेळ बाईच्या मनात दुसरं काही नव्हतं. म्हातारी नस, ती काही पोरीला सापडायची नाही, चार ठिकाणी टोचेल आणि आपोआप पडेल, एवढाच तिचा हिशेब. पण सपनानं पट्टा बांधला, दोन बोटं नसेवर ठेवली, डोळे क्षणभर मिटले आणि सुई घेतली. तिचा हात थरथरत नव्हता. बाई त्या हाताकडे बघत होती. सुई गेली ते कळलंही नाही. नळीत रक्ताची धार लागली, आणि सर पुढे वाकून "वा" म्हणाले.

बाईनं हात ओढला.

सुई आडवी फाटत बाहेर आली. रक्त लुगड्यावर, सपनाच्या पांढऱ्या ओढणीवर, फरशीवर.

"अगं माय वं!" बाई ओरडली. "मारलं पोट्टीनं! सुई टोचून राह्यली का खुट्टा ठोकून राह्यली?"

सपनानं कापूस दाबून धरला. ती अगदी हळू बोलली, "तुमी ओढला."

"मी? सर, पाह्य हे! वरून मलेच!"

मदनसिंग सरांनी घड्याळ पाहिलं. मागे अजून पोरी होत्या. "पेशंट हलतोच, मुली. हलला तरी सांभाळता आलं पाहिजे. पुढचं कोण?"

भिंतीजवळ चंदा उठून उभी राहिली होती. तिनं तोंड उघडलं. बाईनं तिच्याकडे नुसतं पाहिलं. चंदा खाली बसली. साधना तर टेबलाच्या अगदी बाजूलाच होती.

दुपारी साधनाचं नाव सांगितलं. बाईनं स्टेशन रोडवरून पेढे घेतले. सपना रस्त्यापलीकडे बसची वाट बघत उभी होती, ओढणीचा डाग आत दुमडून. चंदा तिच्याकडे निघाली तर सपना तिथूनच म्हणाली, "तू जीपमधी आली ना? जीपमधीच जाय."

जीपमध्ये वाटेतच बाईच्या कोपराला लिंबाएवढी गाठ आली. तिनं ती पदराखाली घेतली.

"आजी," शेजारी बसलेली साधना बऱ्याच वेळानं म्हणाली, "तू हात ओढला. मी पाह्यलं."

"मंग सांगाचं होतं त्या सायबाले." बाई वळलीसुद्धा नाही. "तोंड नव्हतं का तुले? कापूस होता का तोंडात?"

साधनानं तोंड खिडकीकडे वळवलं.

"नाही सांगितलं ना? मंग आता पेढा खाय."

डबा बाईच्या मांडीवर उघडाच होता. साधना खिडकीबाहेर बघत राहिली, वावरामागून वावर जात राहिलं. मग तिनं एक पेढा उचलला आणि तोंडात टाकला. बाईला बरं वाटलं. पोरगी आता घरची झाली.

बाईनं डबा मागे चंदापुढे धरला. "घे. तुह्याच हातानं आलं हे."

चंदानं पेढा घेतला. खाल्ला नाही, टाकलाही नाही.

"उद्या खालच्या वावरात येजो," बाई म्हणाली. "सपनालेबी आनजो संगं. रिकामीच हाय ना ते आता."

साधनानं दुसरा पेढा उचलला.