पळपुटं आणि चिकट

मी प्रयोगशाळेतली पोलादी नळी बोलतेय. लांबी वीतभर, पोटात खसखशीहून बारीक मणी ठासून भरलेले. पाण्यातल्या आर्सेनिकची रूपं वेगळी करणं हे माझं काम. एक रूप मण्यांना भीक घालत नाही, लगेच बाहेर पडतं. त्याला इथे सगळे 'पळपुटं' म्हणतात. दुसरं मण्यांना बिलगून रेंगाळतं, ते 'चिकट'. पुढचं यंत्र दोघांना मोजून पडद्यावर टेकड्या काढतं. पळपुटं जास्त विषारी, शिवाय फिल्टरमधूनही सहज निसटतं.

मला सांभाळायच्या त्या ताई. काम संपलं की स्वच्छ पाण्याने धुवायच्या, "दमलीस गं बाई," म्हणायच्या. माझा त्यांच्यावर फार जीव होता.

एकदा शाळेच्या बोअरचं पाणी आलं. ताईंनी ते ताजंच तपासलं. पळपुट्याची टेकडी पडद्यात मावेना. प्रयोगशाळेच्या साहेबांचा चेहरा पडला.

"अहो, शाळेत फिल्टर बसवून फोटोसुद्धा काढून झाले. आता हे कुणाला दाखवू?"

"पण साहेब, पोरं पितात ते पाणी."

"बाटल्या राहू द्या खिडकीत, झाकणं काढून. मग बघू."

लोह असलेल्या पाण्याला ऊन-वारा लागला की पळपुट्याचं चिकट होतं. म्हणून बाटलीत ॲसिड घालायचं, ती थंड अंधारात ठेवायची. नव्या माणसांना हे ताईच शिकवायच्या. त्याच ताईंनी बाटल्या उन्हात मांडल्या.

पुढे तेच पाणी माझ्यात सोडलं. मी काय करणार? जे आलं ते सांगितलं. सगळं चिकट, म्हणजे फिल्टर अडवेल असं! साहेब खूश झाले. ताईंनी त्या दिवशी मला न धुताच दिवा घालवला.

काही वर्षांनी शाळेच्या डॉक्टरीणबाई आल्या. "मुलांचे तळवे खरखरीत झालेत, गाठी येताहेत. पाणी पुन्हा तपासा."

साहेबांनी ताईंकडे पाहिलं.

"नळी खराब झालीय, मॅडम," ताई म्हणाल्या. "नवी मागवलीय."

"मग तोवर?"

"तोवर आधीचाच निकाल धरायचा."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. नळी खराब, पण तिचा निकाल चांगला! आणि हे बोलल्या कोण, तर माझ्या ताई.

आता मी खणात पडून आहे, जुन्या बुचांच्या सोबतीला. मणी सुकून भेगाळलेत. मला पुन्हा कामाला लावा असं मी म्हणत नाही. तुम्ही त्या शाळेवरून जात असाल तर एवढंच करा. मधल्या सुट्टीत पोरं नळाला तोंड लावतात, त्यांना थांबवा.