नव्या बाईचं खोडरबर

...आणि ते खोडरबर अजून कोरंच. निळ्या कागदी वेष्टणातून बाहेर डोकावणारं पांढरं टोक, कोपरे असे धारदार की बोटाला लागावेत. तीन आठवडे झाले ही बाई इंग्रजी शिकायला वर्गात येतेय, आणि मास्तरांची नजर फळ्यावरून वळली की नेमकी त्या टोकावर जाऊन बसते. बाकीच्यांची खोडरबरं बघा एकदा! शेजारच्या रंगाऱ्याचं बोराएवढं उरलंय, काळंकुट्ट, त्यात पेन्सिल खुपसून भोक पाडलेलं. शिकणाऱ्या माणसाचं खोडरबर असंच असतं. चुकायचं, खोडायचं, कागद फाटेपर्यंत खोडायचं. ही बाई चुकते भरपूर, पण खोडत नाही. एका दमात, सुवाच्य अक्षरात, चुकीचं लिहून मोकळी होते.

असं कोणी चुकतं का?

मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली ती काही आज नाही. मोठे कारकून परवाच जिन्यात भेटले होते, तोंडात बडीशेप घोळवत. "मास्तर, सांभाळून हां. वरून माणूस येऊन बसणार आहे म्हणे वर्गात. विद्यार्थी बनून. सगळ्या शिक्षकांचे कागद तपासतायत." आणि वर हसले. माणसाच्या पोटात गोळा आणायचा आणि वर हसायचं, ही त्यांची जुनी सवय. सहा वर्षांपूर्वी या नोकरीचा अर्ज भरताना 'प्रशिक्षण घेतले आहे काय' या रकान्यापाशी मास्तर अडखळले, तेव्हा हेच म्हणाले होते, "लिहा हो 'होय', कोण बघतंय!" — आता बघणारं कोणीतरी आलंय, तर हे बडीशेप खातायत.

प्रशिक्षण! बावीस वर्षं जहाजाच्या भटारखान्यात कांदे चिरले, तेच प्रशिक्षण. इंग्रजी शिकलो ते शिव्या खाऊन. पण ते कुठल्या रकान्यात लिहायचं?

"तर," मास्तर खडू आपटत म्हणाले, "स्टूल कुठाय?"

वर्गात खसखस पिकली. स्टूल म्हणजे मास्तरांची खरी विद्या. 'मस्ट', 'शुड', 'मे', 'कॅन' हे शब्द पुस्तकात वाचून कोणाच्या बापाला कळत नाहीत, असं त्यांचं ठाम मत. जहाजावर ते शिडीवरून कळायचे. कप्तान वरच्या पायरीवरून ओरडायचा, तो 'मस्ट'. मुख्य आचारी शेजारी उभा राहून कानात सांगायचा, तो 'शुड'. आणि आपण टोपी हातात धरून दारात उभे, ते 'मे आय'. बोलणारा कुठं उभा आहे ते बघा, शब्द आपोआप सापडतो. म्हणून वर्गात हुकूम द्यायचा तर स्टुलावर चढायचं, परवानगी मागायची तर दाराबाहेर जायचं, आणि सल्ला द्यायचा तर माणसाच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून. सहा वर्षांत या स्टुलावरून किती माणसं परदेशी गेली — सुतार, नर्सा, गवंडी. एकाचं तर पत्र आलं होतं, 'मास्तर, मुलाखतीत साहेबानं प्रश्न विचारला आणि मला तुमचं स्टूल दिसलं.' ते पत्र अजून पाकिटात आहे. घडीवर फाटलंय.

आधी रंगारी चढला. पुढच्या आठवड्यात त्याची मुलाखत. घरी बायको, दोन मुली, आणि कपाळावर घाम. "यू मस्ट..." म्हणाला आणि थांबला. "मास्तर, वर चढलं की जीभ खालीच राहते."

"चार मजल्यांवर झुल्यात बसून भिंती रंगवतोस, आणि दीड फुटाला घाबरतोस होय रे?"

"तिथं इंग्रजी बोलावं लागत नाही ना!"

सगळे हसले. नवी बाईही हसली, पण मास्तरांना वाटलं, एक क्षण उशिरा. सगळ्यांकडे बघून, ठरवून हसल्यासारखी. आणि रंगारी जागेवर परतला तसं ती त्याच्याकडे झुकून काहीतरी पुटपुटली. हे रोजचंच. काय विचारते ती त्याला? मास्तर किती वाजता येतात? पुस्तक वापरतात का? मागच्या मंगळवारी मास्तरांनी मधल्या सुट्टीत रंगाऱ्याला गाठलंच होतं. "काय रे, काय म्हणत होती ती?" तर हा वहीकडे बघत म्हणाला, "काही नाही, पेन्सिल मागत होती." तिच्या समोर दोन पेन्सिली पडल्या असताना! म्हणजे हाही फितूर. ज्याच्यासाठी आपण जिवाचं रान करतोय तोच...

सकाळी बायकोनं नेमकं ओळखलं होतं. चहात साखर घालायची राहिली, तरी हे निमूट प्यायले, तेव्हा. "अहो, कुठं आहात? समुद्रात?"

"वर्गात एक हेर आलाय."

"बाई आहे ना? मग हेर आली म्हणा." आणि मग गंभीर होऊन, "सरळ विचारा की तिला."

"काय विचारू? माझी नोकरी खायला आलात का म्हणून?"

"नोकरी गेली तर गेली. घरी बसा."

घरी बसा. हिला काय ठाऊक, जहाज सोडल्यावरची ती दोन वर्षं मी घरी कसा बसलो होतो. गॅलरीत खुर्ची टाकून, येणाऱ्याजाणाऱ्याला वेळ विचारत. मनगटावर घड्याळ असताना. मग हा वर्ग मिळाला आणि कोणीतरी पहिल्यांदा 'मास्तर' म्हणालं...

"मास्तर, माझी पाळी?"

नवी बाई उभी होती. चाळिशीची, फिकी ओढणी, हाताला कपडे धुण्याच्या साबणाचा वास. लॉन्ड्रीत काम करते म्हणाली होती. वास काय, मुद्दामही आणता येतो. ती स्टुलावर चढली, एकदम सहज, जन्मभर वर्गापुढं उभी राहत आल्यासारखी. सगळ्यांवरून नजर फिरवली. आणि मग सरळ मास्तरांकडे बघत, एक अक्षर न अडखळता म्हणाली, "सर, यू मस्ट सिट डाऊन."

वर्ग खिदळला. रंगाऱ्यानं टाळ्या पिटल्या, "बाईंनी कप्तानालाच बसवलं!" मास्तरही हसले, पण कानामागून घामाचा थेंब ओघळला. बसा. म्हणजे काय? दोन तास उभे आहात, गुडघा थरथरतोय, म्हणून बसा? का — पुरे झालं तुमचं, आता बसा? तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. अनुभवी माणसाच्या चेहऱ्यावर नसतंच. मास्तर काही बसले नाहीत. उलट टेबलाला रेलायचे तेही सोडून ताठ उभे राहिले, पाच वाजेपर्यंत, गुडघा बोंबलत होता तरी.

सगळे वह्या तपासायला ठेवून गेले. नवी बाई दारात रेंगाळली. "मास्तर, उद्या वर्ग आहे ना?"

"असायला काय झालं?"

"नाही, सहज विचारलं," म्हणाली, आणि गेली.

सहज! मास्तरांनी तिच्या बाकाकडे पाहिलं. खोडरबर विसरली होती. इतके दिवस लांबूनच बघितलेली ती वस्तू त्यांनी चिमटीत उचलली, पुराव्यासारखी. वेष्टण ढिलं होतं. सरकवलं — आणि आतलं, झाकलेलं टोक बाहेर आलं. झिजून गोल झालेलं. काळं. रंगाऱ्याच्या खोडरबरापेक्षाही जास्त.

म्हणजे खोडते. घरी खोडते? का वर्गातच, आपली पाठ फळ्याकडे असताना? आणि मग हे टोक आत ढकलून कोरं टोक वर करते.

त्यांनी तिची वही खिडकीशी नेली. उन्हात पान तिरकं धरलं तसे कागदावर पेन्सिलीचे जुने ओरखडे उमटून दिसायला लागले. चुकीच्या प्रत्येक वाक्याखाली आधी बरोबर वाक्य लिहिलेलं होतं. सराईत, वळणदार अक्षर. हात सवयीनं बरोबर लिहून जात होता, आणि मग ती ते पुसून वर चूक लिहीत होती. पानामागून पान. धरली! हिला सगळं येतं. माझ्यापेक्षा जास्त येतं.

मग मागच्या मंगळवारचं पान आलं. त्या दिवशी फळ्यावर एक ओळ मास्तरांनीच चुकीची लिहिली होती. घरी जाताना रस्त्यात लक्षात आलं, आणि परत सांगायची लाज वाटली म्हणून तशीच राहिली. बाईच्या वहीत ओरखड्यात ती ओळ बरोबर होती. वर, मास्तरांची चूक जशीच्या तशी उतरवलेली. तपासायला आलेलं माणूस चूक टिपून ठेवेल, की दुरुस्ती पुसून टाकेल?

त्यांनी घाईघाईनं रंगाऱ्याची वही काढली. मंगळवार. ती ओळ — काळपट, चारदा खोडून फाटत आलेल्या कागदावर — बरोबर लिहिलेली होती.

पेन्सिल मागत होती म्हणे.

बाहेर कोणीतरी झाडू मारत होतं. मास्तर दोन्ही वह्या हातात घेऊन उभे राहिले. अजूनही ती वरून आलेली असू शकते... हेही टिपून ठेवलं असेल कुठंतरी. आणि नसेल आली, तर मग ही कोण? इतकं येत असताना न येणाऱ्यांत बसायला कशाला येते? मला जे येत नाही ते मी सहा वर्षं लपवतोय, आणि हिला जे येतं ते ही लपवते. समोरासमोर, एकाच खोलीत. आणि तीन आठवडे मी तिच्याकडे बघतोय असं मला वाटत होतं.

त्यांनी स्टूल ओढलं आणि त्यावर बसले. गुडघ्यातून एक कळ गेली आणि मग बरं वाटलं, नको तितकं बरं वाटलं. लाल पेनाचं टोपण काढलं. मंगळवारच्या ओळीवर, आपल्याच चुकीवर, पेन टेकवलं. नुसतं टेकवलं. एवढीशी खूण केली की तिला कळणार, मला कळलंय म्हणून. मग ती येईल की यायची थांबेल?

उद्या तिनं यावं असं त्यांना वाटत होतं. कालपर्यंत ज्याची भीती वाटत होती तेच हवंसं वाटतंय, याचीच आता त्यांना भीती वाटायला लागली. पेनाखाली लाल ठिपका हळूहळू मोठा होत होता.