जिन्याखालची टकटक

त्या शाळेत तळमजल्यावर सगळे घसा ताणूनच बोलायचे. नव्याने आलेल्या संगीताच्या बाईंना हे पहिल्याच दिवशी खटकलं.

"मावशी, इथे सगळे बहिरे आहेत का हो?" त्यांनी एकदा शिपाईमावशींना थट्टेत विचारलं.

मावशी हसल्या नाहीत. जिन्याखालच्या लोखंडी कपाटाकडे बघत राहिल्या. चटया, चेंडू असलं खेळाचं सामान त्यात असे. गेल्या वर्षी मुलींनी आपल्याच वर्गातल्या एकीला त्यात कोंडलं होतं. शाळा सुटेपर्यंत ती आतून टकटक करत राहिली. जाता-येता ती टकटक सगळ्यांनी ऐकली, आणि पोरींचा खेळ म्हणून कानाआड केली. ती मुलगी शाळा सोडून गेली, टकटक मात्र राहिली.

"कितीदा उघडून बघितलं, आत कुणी नसतं. त्या दिवशी जे इथे होते ना, त्यांनाच ऐकू येते. तुम्ही सुटलात, बाई."

बाईंना खरंच काही ऐकू येत नव्हतं. त्याचा त्यांना थोडा तोराही होता. कपाटाजवळून जाताना त्या मुद्दाम हळू आवाजात गुणगुणत.

आज सहावीचा तास संपवून त्या जिना उतरल्या आणि जागीच थबकल्या.

टक. टक टक.

कपाटासमोरून मोठ्या बाई एका पालकाशी तावातावाने बोलत गेल्या. गणिताचे सर शीळ घालत गेले. मुलींचा एक घोळका भरभर पुढे सरकला. एकाचीही मान वळली नाही.

"आलं ना ऐकू?" मावशी म्हणाल्या. आवाजात चक्क माया होती. "आता तुम्हीही आमच्यातल्याच. होते हो सवय."

बाईंना मघाचं आठवलं. मधल्या सुट्टीत चौघी जणी मुंगीला दंडाला धरून ओढत नेत होत्या. मुंगी म्हणजे सहावीतली सगळ्यांत बारकी पोर, हे नावही त्या चौघींनीच पाडलेलं. चौघी हसत होत्या, मुंगी हसत नव्हती. बाईंनी ते बघितलं होतं आणि चहा गार होईल म्हणून त्या पुढे गेल्या होत्या. त्याचीच का ही शिक्षा?

पण गेल्या वर्षी त्या इथे नव्हत्याच. मग त्यांना कसं ऐकू येतंय? आणि आत्ताच्या तासाला मुंगी कुठे होती?

"मावशी, आत कुणीतरी आहे!"

"अहो, रिकामं असतं ते. कशाला उगाच..."

बाईंनी धावत जाऊन कडी ओढली. दार उघडताच मुंगी त्यांच्या अंगावर कोसळली. बोटांची सालं निघाली होती. बाईंनी तिला घट्ट कवटाळलं. पोर रडतही नव्हती.

"बाई, तुम्ही बघितलं होतं ना आम्हाला?" तिने विचारलं.

मुंगीच्या डोक्यावरून बाईंची नजर कपाटात गेली. दार सताड उघडं होतं. आत चटया होत्या, दुसरं कुणी नव्हतं.

टक. टक टक.

"चल, आधी हात धुऊ या," बाई म्हणाल्या, नको तितक्या मोठ्याने.